शिवथरच्या पॅराशूटवरचा खोटा शिक्का

बुद्धरत्नकाकांनी लष्करात बावीस वर्षं पॅराशूटच्या घड्या घातल्या. घडी घालणाऱ्यानं कार्डावर सही करायची आणि अधूनमधून त्याच पॅराशूटनं स्वतः उडी मारायची, असा तिथला रिवाज. त्यामुळे सहीची किंमत या माणसाला पोलादपुरात कुणी शिकवायला नको. महाडच्या मुकुलला मात्र वाटलं, म्हातारा आहे, चहा पाजला की सही करील.

हा मुकुल जुन्या लष्करी वस्तू विकतो. शिवथरच्या सोनाबाईंकडून त्यानं त्यांच्या सासऱ्यांचं पॅराशूट नेलं, ते प्रदर्शनात मांडतो असं सांगून. सासरे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. त्यांनी विमानातून उडी मारली, ही साऱ्या वाडीची शान. दर बुद्धपौर्णिमेला विहारात तेच कापड छताला बांधत. मुकुलनं ते परस्पर मुंबईच्या गिऱ्हाइकाला ठरवलं. अडलं होतं ते खरं असल्याच्या काकांच्या दाखल्यापाशी.

काकांनी कापड अंगणात पसरलं. मी शेजारीण, टोक धरायला होते. काकांनी शिवणीवरून बोट फिरवलं, दोरा पाहिला आणि शिक्क्यापाशी थांबले. १९४४ सालचा म्हणे, आणि शाई काळीभोर. वाडीतल्या बायका हे छत दरवर्षी सोड्यात उकळून, नीळ घालून धुवत आल्या. कापड विरत आलेलं, दोरा विटलेला आणि शाई तेवढी ताजी! मुकुलला ते कसं सुचणार, त्यानं जन्मात कपडे धुतले असतील तर ना. शिवाय त्यानं भलत्याच पॅराशूटचे, माणसाला बांधायचे नायलॉनचे पट्टे खाली शिवले होते.

काका भडकले. "कापड लढाईतलंच हाय. खऱ्या वस्तूवर खोटा शिक्का मारलास?"

शिक्क्याशिवाय गिऱ्हाईक घेत नाही, यात कुणाचं काय बिघडतं, शिवथरच्या म्हातारीला विकल्याचं कळणारही नाही, असं तो निर्लज्ज म्हणाला. असल्यांना दारात उभं करू नये. काकांनी त्याच्यादेखत कापड गुंडाळलं, आणि आम्ही दोघं शिवथरला निघालो.

कापड पाहून सोनाबाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यावर थांबायचं, तर काकांच्या पोटात खरं राहीना. त्या काळी माणसाचं पॅराशूट रेशमी आणि याहून खूप मोठं असायचं, ते म्हणाले. हे सुती, शिधा आणि दारूगोळा टाकायचं. यानं कुणी उडी मारलेली नाही.

सोनाबाईंचं तोंड उतरलं. मला काकांचाच राग आला. एवढं खरं बोलून म्हातारीच्या पदरात काय टाकलं?

पण सोनाबाई तडकल्या त्या स्वतःवरच. "मामंजी त्येच सांगायचे. आभालातून तांदूल पडलं, म्हनून जगलो. आमी हसायचो त्यांना. म्हातारा येडा झाला म्हनायचो. उडीचं आमीच रचलं."

मग त्यांनी हे सगळं कागदावर लिहायला सांगितलं. काकांनी लिहिलं: कापड खरं, शिक्का खोटा, पट्टे दुसरे. त्याखाली सही केली. तांदळाचं लिहिलं, पण त्यापुढे सही करीनात; जे आपण पाहिलं नाही, तपासलं नाही, त्यावर सही करायची नाही, हा हट्ट. माझं डोकंच फिरलं.

सोनाबाईंनी त्यांच्या हातून पेन ओढून घेतलं.

"तुमी नका करू. त्यांच्या तोंडून मी ऐकलाय, आन् त्यांना खोटं बी मीच पाडलाय. हितं सही माजी."

आणि कागद फाटेल इतक्या जोरात त्यांनी आपलं नाव लिहिलं.