रिकाम्या घराची पाहणी

आमच्या कार्यालयात दर वर्षी विद्यापीठातून चार-पाच विद्यार्थी येतात. घराचं मूल्यांकन कसं करायचं हे त्यांचं पुस्तकात वाचून झालेलं असतं, आता आमच्याबरोबर हिंडून प्रत्यक्ष शिकायचं, असं दोन्हीकडच्या साहेबांनी ठरवलेलं. ठरवलं साहेबांनी आणि पोरं पडली माझ्या गळ्यात. पहिला आठवडाभर ती भिंतीसमोर अशी उभी राहतात, जणू भिंतच आता तोंड उघडून आपली किंमत सांगणार आहे.

त्या वर्षी त्या पोरांत एक काकू होती. बाकीचे विद्यार्थी तिला काकू म्हणायचे, म्हणून आम्हीही. चाळिशी केव्हाच उलटलेली, केस करडे, पाठीवर सॅक. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, भावाकडे राहते, याहून जास्त ती स्वतःबद्दल बोलत नसे. कामाला मात्र वाघ. ओल कुठून झिरपते हे शोधायला ती बेधडक पोटमाळ्यावर चढायची. एकच खोड होती. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न, "इथे राहतं कोण?" मी एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, "अहो काकू, आपण किंमत काढायला आलोय, जनगणनेला नाही." बाकीची पोरं खो खो हसली. ती हसली नाही.

साहेबांना त्या विद्यार्थ्यांतून एकाला नोकरीवर घ्यायचं होतं. काकूला ती नोकरी हवी होती, आणि किती हवी होती ते तिच्या तोंडावर दिसायचं. त्यातच ते घर आलं. विकणारा आमच्या साहेबांचा जुना ओळखीचा. घेणारा बँकेचं कर्ज काढणार होता, म्हणून बँकेनं आम्हाला पाहणीला पाठवलेलं. "घर रिकामं आहे, काही कटकट नाही, संध्याकाळपर्यंत अहवाल द्या," असं साहेबांनी मला दोनदा बजावलं. रिकामं असणं महत्त्वाचं होतं. आत कुणी राहत असेल तर बँक हात आखडता घेते, आणि मग सौदा बोंबलतो.

मी, काकू आणि आणखी एक विद्यार्थी, ज्याला सगळे हिरो म्हणायचे, असे तिघं गेलो. विकणारा दारातच उभा होता. गोड बोलत होता, पण कपाळावर घाम. खोल्या दाखवून तो पॅसेजच्या टोकाशी थांबला. तिथल्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

"ही अडगळीची खोली. किल्ली हरवलीय हो. सोडून द्या."

हिरोनं मान डोलवली आणि लिहून टाकलं, अडगळीची खोली, घर रिकामं. नवशिके ही चूक हमखास करतात. मालक सांगेल ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहितात. मी त्याला झापणारच होते, तेवढ्यात काकू कुलपापाशी वाकली.

"किल्ली हरवलीय, तर कुलूप रोज वापरल्यासारखं गुळगुळीत कसं?"

तो काही बोलणार इतक्यात आतून आवाज आला. कुणीतरी खोकला दाबत होतं. दाबला गेला नाही.

"उंदीर झालेत फार," तो म्हणाला.

"उंदरांना खोकलाही झालाय?" काकूनं विचारलं.

कुणीच हसलं नाही. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय माझं. या बाईंना आवरा." खरं सांगते, मला त्या क्षणी त्याच्यापेक्षा काकूचा जास्त राग आला. हातातोंडाशी आलेली नोकरी, आणि ही बाई दगडावर डोकं आपटत होती. मी म्हटलं, "काकू, चला."

ती सरळ दारासमोर फरशीवर बसली. "मॅडम, न पाहिलेली खोली लिहायची नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. मी त्या माणसाकडे वळून म्हटलं, "दार उघडा. नाहीतर आम्ही इथूनच बँकेला फोन करतो."

किल्ली त्याच्या खिशातच होती.

आत एक पलंग, दोरीवर वाळत घातलेले कपडे, उशाशी औषधांच्या पट्ट्या. उकाडा असूनही खिडकी बंद. पलंगाच्या काठावर एक म्हातारी बाई तोंडावर टॉवेल धरून बसली होती. आम्हाला पाहून ती घाईघाईनं म्हणाली, "मी पाहुणी आहे हो. चार दिवसांसाठी आलेय."

"माझी आत्या," तो म्हणाला. "विसरभोळी झालीय, म्हणून कुलूप लावलं. ऐकलंत ना? पाहुणी आहे."

हिरो माझ्याकडे बघायला लागला. मी काकूकडे. ती आत्याच्या शेजारी जाऊन बसली.

"आत्या, माझा नवरा गेल्यावर आमच्याही घरी असाच एक माणूस टेप घेऊन आला होता," ती म्हणाली. "दीर म्हणाले, नुसती मापं घ्यायचीत. मी त्याला चहा करून दिला. त्यानं कप विसळूनसुद्धा ठेवला, इतका भला माणूस. पण मला काही विचारलं नाही. नंतर कळलं, त्यानं घर रिकामं म्हणून लिहिलं होतं. महिन्याभरात मी भावाच्या दारात."

इतके दिवस बरोबर हिंडलो, पण हे मला माहीत नव्हतं.

आत्यानं टॉवेल खाली घेतला. "तसं नाही गं. हा मला घेऊन जाणार आहे."

"कुठे?"

आत्यानं भाच्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "करू ना सोय कुठेतरी. चांगली ठिकाणं असतात हल्ली."

"सोय?" आत्या म्हणाली. "तू तर तुझ्या घरी म्हणाला होतास."

काकूच्या हातात पेन होतं, पण तिनं ते कागदावर टेकवलं नव्हतं. ती वाट पाहत होती. मला वाटलं, म्हातारी आता पुन्हा पाहुणी म्हणणार, आणि आम्हाला हात हलवत परत जावं लागणार.

"लिही," आत्या काकूला म्हणाली. "मी इथेच राहते. याच खोलीत जन्मले."

"आत्या, सौदा मोडेल," भाचा म्हणाला. "काय बोलतेस कळतंय का तुला?"

आत्या त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "तुझी आई गेल्यावर तू माझ्यापाशी झोपायचास. दार लावलं की घाबरून रडायचास. तू मोठा होईपर्यंत या खोलीचं दार मी एकदाही लावलं नाही रे."