वैशाली भानुदास, हजर!

दामूदादाचा फोन आला तेव्हा मी राहुरीत झेरॉक्सच्या दुकानात उभी होते आणि मशीनमधून हिराच्याच आधारकार्डाची प्रत बाहेर येत होती. दामूदादा म्हणजे हिराचा थोरला भाऊ, कामापुरतं बोलणारा माणूस. ‘कुसुम, कागद राहू दे आता,’ एवढंच म्हणाला. मला वाटलं, तिच्या दाखल्याच्या शिबिराची तारीख पुन्हा पुढे गेली. ‘परत पुढं ढकललं का मेल्यांनी?’ मी चिडूनच विचारलं. ‘हिरा गेली,’ दामूदादा म्हणाला. दुकानदार विचारत होता, ताई, दोन्ही बाजूंची काढू का? आणि मी त्याला हो म्हणाले. त्या प्रती अजून माझ्या पिशवीत आहेत. दीड महिना झाला.

हिरा आणि मी एका आळीतल्या, एका वर्गातल्या. पोलिओनं तिचा डावा पाय लहानपणीच वाळला; गुडघ्यावर हात दाबत दाबत शाळेत यायची. हजेरी घेताना बाई तिच्या नावाशी थांबून वर बघायच्या, आज ही आली असेल का म्हणून. ते तिला खपायचं नाही. बाईंची मान वर व्हायच्या आत ही ओरडायची, ‘हजर बाई!’ पलीकडच्या वर्गातली पोरं हसायची. मी म्हणायचे, हिरे, हळू की जरा. ‘दोन पायांवर आलेल्यांनी हळू बोलावं,’ म्हणायची. असा एकेक फटका द्यायची.

पुढे तिचं लग्न झालं. सासरी ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, वैशाली. तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं ते कायमचंच. नाव तेवढं तिकडचं राहिलं, आधारकार्डावर आणि बँकेच्या पुस्तकात. वैशाली भानुदास. गावात त्या नावानं तिला कुणी एकदाही हाक मारली नाही. ‘त्या घरातून एवढंच आणलं बघ,’ ती म्हणायची, ‘आन् तेबी कागदावरच.’ ब्लाउज शिवायची, आणि निराधार योजनेचे पैसे यायचे त्याला पगार म्हणायची. आमच्याकडे सगळेच पगार म्हणतात, पण हिरा ऐटीत म्हणायची. पगार झाला की घरातली चहापावडर तिची. भावजय काही वाईट नव्हती, पण स्वतःच्या पावडरीचा चहा पिताना हिरा जरा ताठ बसायची.

मग तिच्या अपंगत्वाच्या दाखल्याची मुदत संपली. दाखल्यावर ‘तात्पुरते’ असं लिहिलेलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा वाळका पाय आणि म्हणे तात्पुरते! ‘पाय परत फुटतोय का ते बघायचं आसंल सरकारला,’ म्हणून ती खदखदून हसली. मला हसू आलं नाही. नवा दाखला होईपर्यंत पगार बंद, आणि दाखल्यासाठी शिबिर. हाडाचा डॉक्टर सगळ्या तालुक्यांना मिळून एकच. दुसऱ्याची जागा वर्षानुवर्षं रिकामी, भरायला पैसा नाही म्हणतात. तारीख मिळायलाच सात महिने गेले. हिरानं चहा सोडला. पित्त होतं म्हणाली. पित्त कसलं डोंबलाचं! भावजयीच्या पावडरीचा चहा तिच्या घशाखाली उतरत नव्हता. तिच्याकडे मोबाईल नव्हता, अर्जावर नंबर माझा दिलेला. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. अंघोळीला गेले तरी फोन मोरीच्या कट्ट्यावर.

पहिल्या शिबिराला सकाळी सातपासून बसलो होतो. दुपारी हिराला लघवीला जायचं झालं. संडास इमारतीच्या मागे, सहा पायऱ्या उतरून. मी उठायला लागले तर म्हणाली, ‘तू बस. जागा जाईल. नाव घेतलं तर सांग.’ ती गेली. आणि आतून नाव आलं, वैशाली भानुदास. मी इकडे तिकडे बघितलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी शेजारच्या बाईला म्हणालेसुद्धा, ‘बघा, नाव पुकारतात आणि बाया कुठं उलथतात कोण जाणे!’ माझ्या तोंडाला आग लागो. मांडीवर तिची पिशवी, पिशवीत तिचे कागद, कागदावर तेच नाव, आणि मी हिराच्या नावाची वाट बघत बसलेली.

क्लार्क काही वाईट माणूस नव्हता. तीन टेबलांचं काम एकट्याच्या गळ्यात, कागदाचा गठ्ठासुद्धा पदरमोड करून आणलेला. पण यादी वर गेली होती. ‘गैरहजर पडलं ताई. आता पुढची तारीख.’ मी त्याच्याशी भांडले, हातापाया पडले, रडले. हिरानं कुणाला दोष दिला नाही. मला तर नाहीच. एसटीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘मला जल्मात कुणी गैरहजर म्हणलं न्हवतं, कुसे.’

त्यानंतर शिबिराचं निघालं की आदल्या संध्याकाळपासून तिचं पाणी बंद. बाटली मात्र भरून घ्यायची, मला दाखवायला. मी ओरडायचे, ‘अगं घोटभर तरी पी, मेलीस तर दाखला घेऊन काय करशील?’ तिचं उत्तर ठरलेलं, ‘नाव झाल्यावर पिते.’ आणि जाताना एसटीत माझी शाळा घ्यायची. मध्येच, मला डुलकी लागली असताना, कानाशी ओरडायची, ‘वैशाली भानुदास!’ मी दचकून म्हणायचे, ‘हजर!’ ‘लई उशीर केला, परत.’ कंडक्टर हसायचा, आम्हीही हसायचो, पण मी मनात ते नाव घोकत राहायचे. दुसऱ्या शिबिराला डॉक्टरच आला नाही. तिसऱ्याला आला, तर अंगठा घेणारं यंत्र बंद. दोन्ही वेळा ती संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही. दोन्ही वेळा बाटली भरलेली परत आली.

शिबिराचे तेवढे दिवस असते तर गोष्ट वेगळी. पण मग फोन कधीही येईल, कधीही निघावं लागेल, म्हणून ती घरीही पाणी मोजून प्यायला लागली. मला हे भावजयीनं नंतर सांगितलं. उन्हाळ्यात ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग नगरला न्या म्हणाले. दामूदादा नेमका घोडेगावच्या बाजारात बैल घेऊन गेलेला. टेम्पो मिळेपर्यंत दुपार झाली. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, ‘पाणी पीत नव्हत्या का या?’ पाण्यानंच गेली असं काही ते म्हणाले नाहीत. ते मी म्हणते, रोज म्हणते. चौथी तारीख येईल तेव्हा कागद तयार असावेत, असं तिनंच बजावलं होतं, म्हणून ती गेली त्या दिवशी मी राहुरीला गेले होते.

आता मला कुठंच स्वस्थ बसवत नाही. रेशनच्या रांगेत, बँकेत, कुणाचंही नाव पुकारलं की विचारते, कोण हो, कुणाला बोलावलं? लोकांना वाटतं, बाईला कमी ऐकू यायला लागलं.

मी अंगणवाडीत मदतनीस. परवा तिथं पोरांना खिचडी वाढत होते. फोन वाजला. नंबर अनोळखी.

‘वैशाली भानुदास?’

‘हजर!’ तोंडातून निघूनच गेलं. पोरं माझ्याकडे बघायला लागली.

‘बुधवारी या. सगळे कागद आणा. आणि ताई, पाण्याची बाटली आणा, इथं नळाला पाणी न्हाई.’

तोच क्लार्क होता. मी त्याला सांगितलं. ‘लई वाईट झालं,’ म्हणाला. मग चाचरत, ‘ताई, यादी वर पाठवावी लागती. त्यात दोनच रकाने हायेत... गैरहजर लिहू का?’

‘खबरदार!’ मी ओरडले. ‘ती तिन्ही वेळा हजर होती. पहिल्या वेळेलाबी होती. गैरहजर मी होते, माझं नाव लिहा!’

त्यानं काय लिहिलं, मला माहीत नाही. फोन ठेवला तेव्हा खिचडी गार झाली होती. तिची बाटली मी अंगणवाडीच्या खिडकीत ठेवली आहे, तिसऱ्या शिबिराहून आली तशी, गळ्यापर्यंत भरलेली. झाकण तिनं लावलेलं आहे.