मगदूम सरांचे केस

सुष्मिता हिरेमठ मॅडम कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत. माहेर गडहिंग्लजचं, घरात निम्मं बोलणं कानडी, नवरा बसवेश शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर. शाळेत त्यांची ख्याती एवढीच, की दिलेलं काम त्यांना नाकारता येत नसे.

त्या वर्षी समोरच्या इंग्लिश मीडियम शाळेनं गुळगुळीत कागदावर इयरबुक काढलं. आपल्याकडं मुलांचं हस्तलिखित निघायचं आणि ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन पडायचं. मुख्याध्यापक सयाजी मगदूम सरांना हे झोंबलं. शिक्षकांच्या बैठकीत ते म्हणाले, "इयरबुक आपणबी काढायचं. हिरेमठ मॅडम, बसवजयंतीला तुम्ही स्टेटस ठेवलं होतं, फोटोला फुलांची चौकट होती. तुम्हाला येतंय की हे सगळं."

ती चौकट ॲपमध्ये आयती मिळते, असं मॅडम सांगेपर्यंत बैठक संपली होती.

शिकायला त्या राजारामपुरीत पिराजीच्या दुकानात जाऊ लागल्या. पिराजी वाढदिवसाचे फ्लेक्स करायचा. चौकाचौकांतल्या भावी नगरसेवकांना गॉगल चढवून मागं वाघ बसवणारा तोच. तो म्हणाला, "मॅडम, आधी लेयर समजून घ्या. एकावर एक पदर असत्यात. ज्याचं काम, त्याच पदरावर करायचं." मॅडमना हे चटकन कळलं. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी नद्या काढायच्या, मग दुसऱ्या कागदावर रस्ते, तसंच हे. कळलं तरी हात वळेना. झेंडावंदनाच्या फोटोतलं आभाळ स्वच्छ करताना त्यांनी भलत्याच पदरावर खोडरबर फिरवला. आभाळ होतं तसंच राहिलं आणि दहावी 'ब'ची मागची रांग मुंडक्यांशिवाय उभी राहिली.

पान मांडताना तर दोघांचं जमेचना. मॅडम कडेनं मोकळी जागा सोडायच्या, पिराजी तिथं गुलाब आणून ठेवायचा. "मोकळं दिसलं की गिऱ्हाईक म्हणतंय, पैसं कशाचं घेतलं?" बऱ्याच वादानंतर गुलाब निघाले, पण जागा काही मोकळी राहिली नाही. तिथं संस्थेच्या संचालकांचे शुभसंदेश आले, फोटोसकट. मुलं सरकत सरकत पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली.

एव्हाना मॅडमचा हात बसला होता. त्यांना चेहऱ्यावरचे डाग पुसता येतात, ही बातमी स्टाफरूममध्ये पोचली. स्नेहल मॅडम आल्या, हनुवटीखालची दुसरी हनुवटी काढून घ्यायला. दरवर्षी अंधश्रद्धेवर व्याख्यान देणारे विज्ञानाचे विश्वजित सर कॉम्प्युटर रूमचं दार लोटून हळूच म्हणाले, "रंग जरा उजळा. पण नैसर्गिक वाटला पाहिजे." प्रत्येकाचं मागणं 'थोडंसंच' असायचं. थोडंसं थोडंसं करता सगळा स्टाफ नुकताच बारावी पास झाल्यासारखा दिसू लागला.

शेवटी मगदूम सर आले. "वाऱ्यानं केस जरा मागं गेल्यात. पुढं घ्या."

फोटो ऑफिसात काढलेला, पंखासुद्धा बंद. आणि केस मागं गेलेच नव्हते, ते निघूनच गेले होते. मॅडमनी नववीतल्या ऋतुराजच्या फोटोतले केस उचलले, थोडे रुंद केले, सरांच्या कपाळावर बसवले. केस कुणाचे, हे सरांनी विचारलं नाही. ते पडद्याजवळ सरकले आणि म्हणाले, "आता बराबर मी दिसाय लागलो."

मॅडमना खरं तर लाजल्यासारखं व्हायला हवं होतं. पण कानापाशी जोड शोधूनही दिसत नव्हता, याचाच त्यांना अभिमान वाटला.

सरांनी तोच फोटो एका मंडळाच्या आदर्श मुख्याध्यापक पुरस्कारासाठी पाठवला आणि पुरस्कार मिळाला. मंडळानं सभागृहाच्या दाराशी सरांचा माणसाहून उंच फ्लेक्स लावला. सर मॅडमना बरोबर घेऊन गेले आणि पुढच्या सोफ्यावर बसले. तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक आला.

"पावणं, मागं बसा. ही जागा सत्कारमूर्तींची हाय."

"मीच सत्कारमूर्ती."

त्यानं दारातल्या फ्लेक्सकडं पाहिलं, मग सरांकडं. "सरांचं वडील व्हय तुम्ही? मग बसा की, पण कडंला."

"मॅडम, सांगा ह्याला मी कोण ते."

"हेच मगदूम सर," मॅडम म्हणाल्या. पण आवाज चोरी पकडली गेल्यासारखा निघाला आणि स्वयंसेवकाचा होता तो विश्वासही उडाला. त्यानं आधार कार्ड मागितलं. त्यावरचा फोटो फ्लेक्सशी जुळेना आणि सरांशीही जुळेना. मागं कुजबुज सुरू झाली, कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा तोल गेला.

"गप बसा सगळी. हाताची घडी घाला."

सभागृह चिडीचूप झालं. मागच्या रांगेतल्या दोन मिशाळ गृहस्थांनी खरोखरच हाताची घडी घातली. स्वयंसेवक ताठ उभा राहिला. "सर, मी गुंडू. तुमचाच विद्यार्थी. आवाज आला तवा ओळखलं, चुकलं माझं."

सत्कार झाला. परतताना रिक्षात सर मांडीवर शाल-नारळ धरून बसले होते. आता ते जुना फोटो लावायला सांगणार, अशी मॅडमना खात्री होती. तसं म्हणायला सोपं जावं म्हणून त्या मुद्दाम बाहेर बघत राहिल्या. दसरा चौक ओलांडल्यावर सर म्हणाले, "फोटोत काय दोष न्हाय, मॅडम. कमी आपल्यातच हाय."

पुढच्या आठवड्यात ते फोटो घेऊन विगच्या दुकानात गेले आणि हुबेहूब तसे केस करून आणले. सकाळी प्रार्थनेला मुलं नेहमीपेक्षा ताठ उभी राहिली. त्यांना वाटलं, तपासणीला साहेब आलेत.

इयरबुक छापून आलं. पालकांनी आपापलं मूल शोधलं, काहींना सापडलंही. संचालक इतके खूष झाले, की मॅडमचे भूगोलाचे तास पीटीच्या सरांकडं गेले आणि मॅडमना कॉम्प्युटर रूममध्ये स्वतंत्र टेबल मिळालं.

बसवेशनं घरी विचारलं, "भूगोल सुटला, वाईट वाटत न्हाय तुला?"

"वाटतंय की," सुष्मिता म्हणाली आणि पडद्यावर एका संचालकांचे दात मोठे करून बघू लागली. दोन पांढरे करावे लागणार होते, एक नव्यानं बसवावा लागणार होता. बसवेशनं जेवायला हाक मारली, ती तिला ऐकू आली नाही.