उन्हातला शब्द

मल्लप्पाअण्णांच्या डोक्यावर ओला पंचा दिसला, की शुक्रवार पेठेत दुपार झाली असं समजायचं. भांड्यांचं दुकान बंद करून ते ओट्यावर येऊन बसत आणि ऊन उतरेपर्यंत कशालाही हो किंवा नाही म्हणत नसत. सत्तर सालानंतरचे ते सोलापूरचे उन्हाळे. मी नुकतीच लग्न होऊन त्यांच्या शेजारी राहायला आले होते. "अण्णा, चहा घेणार का?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "संध्याकाळी सांगतो. उनानं डोक्यातलं तूप पातळ हुतंय पोरी. बोट बुडतंय, पण वर काय येत न्हाय."

या तत्त्वापायी त्यांच्या लेकीची, शोभाची, दोन स्थळं हातची गेली होती. दुपारी आलेल्या पाहुण्यांना अण्णांनी उत्तरच दिलं नव्हतं. म्हणून तिसरे पाहुणे कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीने बोलावले. नेमका गाडीला उशीर झाला आणि मंडळी टळटळीत दुपारी दारात उभी राहिली. शोभाची आई देवापुढे जाऊन बसली.

शोभा आत तयार होत होती, म्हणून सरबत द्यायला मला पाठवलं. मुलाच्या वडिलांनी मला नाव विचारलं, भाकरी येते का विचारलं आणि घाम पुसत जाहीर केलं, "मुलगी पसंत हाय आमाला!" माझ्या गळ्यात ढळढळीत मंगळसूत्र! त्यांचं एक सोडा. आमचे हे शेजारीच बसले होते. ते पेंगत म्हणाले, "आमचीही काही हरकत नाही."

"बेडा, बेडा!" नको, नको, असं अण्णा कानडीत ओरडले. "उनातली पसंती धरायची न्हाय!"

"आमी काय थट्टा करून घ्यायला आलोय व्हय?" पाहुणे चपला शोधायला लागले. आतून शोभाचा हुंदका ऐकू आला. अण्णा उठले, स्वतःचा पंचा पुन्हा भिजवून त्यांनी पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवला आणि हात जोडले. "पावनं, आता न्हाय म्हणून जाऊ नका की. ते बी उनातलंच हाय."

पाहुणे पुन्हा टेकले. गार वाटलं असावं. थोड्या वेळाने घोरायलाच लागले.

तिन्हीसांजेला अंगणात सडा पडला आणि शोभा समोर आली. पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मंगळसूत्राकडे, आणि जीभ चावली. त्याच बैठकीत सुपारी फुटली. मी मात्र ह्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

पुढे अण्णा कुर्डुवाडीला लेकीकडे गेले असताना तिकडेच वारले. निरोप आला तो मे महिन्यात, भर दुपारी. "दुपारची बातमी," मी ह्यांना म्हटलं, "धरायची नाही." ह्यांनी पंचा भिजवून आणला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. आम्ही अण्णांच्या ओट्यावर बसून राहिलो. ऊन उतरलं, दारोदार सडे पडले. बातमी तीच होती. मग मी रडले.