नाकावरची तार

नारायणगावहून पिंपळवंडीला येताना अण्णांच्या सायकलला जीपने धडक दिली. तो सोमवार होता. त्यानंतर ते बोलले नाहीत.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. पुण्यात मी मेंदूच्या लहरींवर संशोधन करत होते. डोळ्यांसमोर काही बदललं, तर लक्ष नसतानाही मेंदूला ते कसं कळतं, हा माझा विषय. तो सुचला अण्णांमुळेच, माझ्या वडिलांमुळे. संध्याकाळी मेंढरं वाडग्यात, म्हणजे त्यांच्या कुंपणात, शिरताना ते तंबाखू मळत कुणाशी तरी बोलत असायचे आणि मधेच म्हणायचे, "एक कमी हाय." मोजायचे नाहीत. चुकायचेही नाहीत.

ही २००३ सालची गोष्ट. दवाखान्यात अण्णांचे डोळे उघडे असायचे, नजर मात्र कुठेच नसायची. डॉक्टर म्हणाले, "आत कोणी नाही. घरी न्या." घरी नेणं म्हणजे अन्नाची नळी काढणं, हे नानांनाही – माझ्या चुलत्यांना – समजलं.

मी चाचणी मागितली. पडद्यावर आमच्याच कळपाचा फोटो पुन्हा पुन्हा दाखवायचा, आणि मधेच कधीतरी एक मेंढी काढलेला तोच फोटो. बदल कळला तर डोक्याच्या मागच्या भागात छोटी लाट उठते.

"सपाट आहे," डॉक्टर म्हणाले.

सपाटच येणार! संदर्भाची तार त्यांनी नेहमीच्या सवयीने कानांना लावली होती. डोक्यावरच्या प्रत्येक जागेचं मोजमाप त्या तारेच्या तुलनेत होतं. कान मागच्या भागाला इतके जवळ, की तीच लाट तिथेही पोचते आणि वजाबाकीत नाहीशी होते. शिवनेरीची उंची शिवनेरीच्याच बुरुजावरून मोजायची, आणि म्हणायचं इथे किल्लाच नाही! माणूस आहे की नाही, हे तुम्ही सवयीने ठरवता? मी आवाज चढवला... आयुष्यात पहिल्यांदा.

तार नाकाच्या शेंड्यावर लावून घेतली.

"दादाला वेसण घातली व्हय गं?" नाना म्हणाले, हसले, आणि मग रडले.

लाट आली. लहान, पण आली.

"मॅडम, हवं ते दिसेल अशी जागा तुम्ही निवडलीत," डॉक्टर म्हणाले.

ही शंका मात्र रास्त होती. म्हणून मी पडद्यावर चादर टाकली. फोटोंचा क्रम कॉम्प्युटर ठरवत होता, आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. आता लाट जायला हवी होती.

गेली नाही. मेंढी नसलेल्या फोटोंनाच येत राहिली. तार पुन्हा कानांवर नेली. तिथूनही आली – तेवढीच. असं होत नाही. संदर्भ बदलला की लाट बदलतेच.

"मशीन बिघडलंय," डॉक्टर म्हणाले.

मी त्याच तारा नानांना लावल्या, चादर तशीच ठेवून. काहीही उमटलं नाही.

"माझ्या डोक्यात काय न्हाई, हे सांगायला मशिन कशाला लागतंय, डॉक्टरसाहेब? आमच्या घरात कुणालाबी इचारा."

डॉक्टरांनी पुन्हा पाहायला नकार दिला. रिपोर्टवर लिहिलं – प्रतिसाद नाही. त्या दोन शब्दांचा राग अजून गेलेला नाही. नळी मी काढू दिली नाही. अण्णा त्याच आठवड्यात गेले, त्यांचे ते.

पुढे जाणकारांना विचारलं. कॉम्प्युटरच्या विजेची तारेत गळती झाली असेल, म्हणाले. मग ती नानांच्या वेळी का नाही झाली? चादरीमागचं अण्णांना कसं कळलं, हे मलाही सांगता येत नाही.

पिंपळवंडीला मेंढरं अजून आहेत. नाना रोज संध्याकाळी ती मोजून आत घेतात.