शेवटच्या रांगेतली सुजाता

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या फार्मसीत सकाळची औषधं वॉर्डांना पाठवत होते. "ताई, सुजाता गेली," एवढंच तो म्हणाला. फोन दोन मजले वरूनच आला होता. शिफ्ट सुरू होण्याआधी मी तिला बघूनही आले होते. डोळे मिटलेले होते, पण मी उठायला लागल्यावर तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "युनिव्हर्सिटीच्या एनरोलमेंटला यशूबरोबर तू जा हं. मिलिंदला पार्किंग मिळत नाही, मग तो चिडतो, मग पोरगी रडते." मी म्हटलं, "जाईन गं बाई, झोप आता." आमचं शेवटचं बोलणं हे असं, पार्किंगचं. मी हातातला ट्रे ठेवला आणि जिन्याने वर धावले. लिफ्टची वाट बघायचं सुचलंच नाही.

सुजाता नागपूरची. नवऱ्याला, मिलिंदला, पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी मिळाली म्हणून ती इकडे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आली, तेव्हा तिची यशोधरा, आमची यशू, कडेवर होती. मी पुण्याची, शब्द तोलून वापरणारी. ती तोंडाला येईल ते बोलणारी. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, "तुम्ही पुण्याचे लोक भाजीत मीठ घालता, की तेसुद्धा विचार करून?" तेव्हापासून जी मैत्री जुळली ती जुळलीच. पुढे काही वर्षांनी आमच्या गावात भारतातून शिकायला येणाऱ्या मुलांचा नुसता पूर लोटला. सिडनीहून येणाऱ्या ट्रेनमधून बॅगा ओढत उतरायची, एकेका घरात सहा-सहा जणं दाटीवाटीने राहायची. रविवारी त्यातली निम्मी सुजाताच्या टेबलाभोवती. तिच्या सावजी रश्शाने नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, पण वाटी कोणी सोडत नसे. ती त्यांच्याकडे बघत बसायची आणि म्हणायची, "आपली यशू पण एक दिवस अशीच युनिला जाईल."

यशू अकरावीत असताना सुजाताचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, बरं वाटलं, आणि मग ते यकृतात परत आलं. डॉक्टरांनी फार लांबचं काही बोलायचं टाळलं. मला ते कळलं, मिलिंदला कळलं, सुजाताला तर सगळ्यांच्या आधी कळलं. यशूला फक्त "ट्रीटमेंट चालू आहे" एवढंच सांगितलं होतं. त्याच सुमारास शाळेत पालकांची सभा झाली. गणिताच्या बाई म्हणाल्या की हुशार मुलांना बारावीत असतानाच युनिव्हर्सिटीत जाऊन पहिल्या वर्षाचा गणिताचा एक विषय करता येतो. बुधवारी संध्याकाळी वर्ग असतो, पास झालं की ते क्रेडिट पुढे डिग्रीत धरतात, तेवढा एक विषय कमी. बाकीच्या आयांनी "इंटरेस्टिंग" म्हणून चहाचा कप उचलला. सुजाताने तिथल्या तिथे बाईंचा पिच्छा पुरवला.

मिलिंदला हे मुळीच पसंत नव्हतं. "बारावीचं वर्ष आहे, तिच्या डोक्यावर अजून एक ओझं कशाला?" आमच्या मंडळींतही कुजबुज झाली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं कोणीतरी म्हणालं आणि ते तिच्या कानावर गेलंच. ती हसून म्हणाली, "असू दे. बाशिंग माझ्याच गुडघ्याला आहे, पोरीच्या नाही." आणि मला, एकटीला गाठून: "ती युनिव्हर्सिटीत जाईल तेव्हा मी असेन-नसेन गं. मग युनिव्हर्सिटीलाच थोडी अलीकडे ओढून घेते."

दर बुधवारी तीच यशूला गाडीने न्यायची. ठरलं असं होतं की वर्ग संपेपर्यंत तिने गाडीत बसायचं. पण एका संध्याकाळी समुद्राकडून असा वारा सुटला की तिची बोटं निळी पडली. औषधांनी तिला थंडी सोसेनाशी झाली होती. ती सरळ आत जाऊन मागे बसली. शिकवणारे सर पांढऱ्या केसांचे, उंच, काटकुळे. त्यांनी थांबून विचारलं, "यू राइट देअर?" ही उभी राहून म्हणाली, "आय ॲम मदर." सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "नो वरीज, मम. स्टे." यशूला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परत येताना गाडीत तिने अटी घातल्या: "आई, नो टॉकिंग टू मी. नो डबा. अँड प्लीज, लास्ट रो." सुजाताने सगळ्या मान्य केल्या. डब्याची तेवढी तिने पुढच्याच बुधवारी मोडली.

त्या वर्गात रविवारची जेवणारी मुलंही होती. आंटीने ॲडमिशन घेतली असं त्यांनी परस्परच ठरवून टाकलं. एकाने तर विचारलं, "आंटी, असाइनमेंट कब देना है?" ही म्हणाली, "बेटा, मुझे तो वो लंबा वाला एस क्या है, वही नहीं पता." मी एकदा विचारलं, "एक अक्षर कळत नाही, तर दोन तास करतेस काय तिथे?" म्हणाली, "बसते. हीटर छान आहे."

मग मधल्या टेस्टमध्ये यशू नापास झाली. आयुष्यात पहिल्यांदाच. पुढचं मला यशूने नंतर सांगितलं. सुजाता याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. गाडीत बसल्या बसल्या यशूने दप्तर मागे फेकलं. "आय क्विट. मला नाही करायचं. पुढच्या वर्षी करेन ना, सगळ्यांसारखं. युनि इज नॉट गोइंग एनीव्हेअर! व्हॉट्स द रश, आई?" सुजाताचे हात स्टिअरिंगवर होते. गाडी चालू केली नव्हती. समोर बघतच ती म्हणाली, "युनि नाही गं जात कुठे, यशू..."

पोरगी मुळात हुशार. तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्या दोघी तिथे किती वेळ बसल्या कोण जाणे. पुढच्या बुधवारी यशू वर्गात होती. नंतर तिने सरांना गाठून शंका विचारल्या, रविवारच्या मुलांना रश्शाच्या वाट्या सरकवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणितं सोडवायला बसवलं, आणि जूनमध्ये चांगल्या मार्कांनी पास झाली. सुजाताने दूध पावडरचे पेढे करून अख्ख्या वॉर्डात वाटले. तिला सलाईन लावणाऱ्या नर्सलासुद्धा "माय डॉटर, युनिव्हर्सिटी" म्हणून दोन-दोन पेढे दिले. त्यानंतर मात्र ती झरझर उतरत गेली. यशूची बारावी झाली, ॲडमिशन मिळाली, ते तिने ऐकलं. कॉलेज सुरू व्हायला थोडेच आठवडे उरले होते... जानेवारीच्या अखेरीस ती गेली. भर उन्हात अंत्यविधीची बुद्धवंदना झाली. तिच्या हातचं जेवलेली मुलं, कोणाकोणाचे पांढरे शर्ट मागून घालून, हात जोडून उभी होती. मला राग आला होता. अजूनही येतो. कोणावर ते कळत नाही, म्हणून घरातल्यांवर काढते.

एनरोलमेंटला मी यशूबरोबर गेले. पार्किंग मलाही मिळालं नाही. काउंटरवरची बाई मोठी हसतमुख. कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, "ओह, यू'व्ह डन दिस वन ऑलरेडी, डार्ल! लकी यू. वेन्सडे इव्हनिंग्ज फ्री." यशूने हळूच विचारलं, "कॅन आय डू इट अगेन?" बाईला वाटलं चेष्टा आहे. "व्हाय वुड यू वॉन्ट टू?" यशूने माझ्याकडे बघितलं. ज्या विषयासाठी मायलेकींनी जिवाचं रान केलं, तो मिळाला होता, आणि मिळाला होता म्हणूनच त्या खोलीत आता यशूचं काही काम उरलं नव्हतं.

मागच्या बुधवारी ती आमच्याकडे जेवायला यायची होती. उशीर झाला. आली ती तशीच स्वयंपाकघरात, बूटसुद्धा न काढता. मी पोळ्या लाटत होते. म्हणाली, "मावशी, मी आज त्या क्लासला गेले होते. जस्ट टू सिट. आई बसायची तिथे, दाराजवळ, लास्ट रो." मी म्हटलं, "बरं केलंस." ती म्हणाली, "सरांनी तिला कितीदा पुढे बोलावलं होतं, यू नो? कम डाउन, मम, यू कान्ट सी फ्रॉम देअर. ती ऐकायचीच नाही. मला वाटायचं, माझ्यामुळे. मी लास्ट रो म्हटलं होतं ना, म्हणून..."

तवा तापून धुरकटला होता. मी गॅस बंद केला.

"मावशी, तिथे एक खांब आहे. तिथून बोर्ड दिसतच नाही. ॲट ऑल. फक्त मी बसायचे ती खुर्ची दिसते."