मिरचीची खेप

सासऱ्यांनी दात आवळून धरले होते. मी तोंडाशी धरलेला तांब्या त्यांनी हातानं ढकलला आणि पाणी छातीवर सांडलं. गाडीतच ते एका अंगाला कलले होते, म्हणून मी आणि नवऱ्यानं त्यांना खाली उतरवून गाडीच्या सावलीत निजवलं होतं. आसपास झाड नव्हतं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घाम मात्र अजिबात नाही.

"अप्पा, एक घोट घ्या," नवरा म्हणाला.

"पूजा झाली न्हाय," ते डोळे मिटूनच म्हणाले.

आमच्यात गळ्यात लिंग असतं. अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याची पूजा करायची, मगच तोंडात पाणी. घरी याचा कुणालाच त्रास नाही, उजाडताच पूजा उरकते. पण मिरची घेऊन सोलापूरला जाताना सासऱ्यांनी स्वतःला वेगळा नियम लावून घेतला होता. अणदूरहून दिवस मावळायच्या आत निघायचं, रात्रभर गाडी हाकायची, पेठेत माल उतरवायचा आणि मग मठात जाऊन अंघोळ, पूजा, जेवण. वाटेत बैलांना पाणी दाखवण्यापुरतं थांबायचं. कुणी बोललेलंही त्यांना चालत नसे. "धंद्याला निघालोय, जत्रंला न्हाय," म्हणायचे. बाहेरचं आम्ही खात नव्हतो आणि सासू हयात नव्हती, म्हणून तिथं भाकरी थापायला मला नेत. मी रात्रभर पोत्यांवर बसून शिंकत जायची.

त्या दिवशी करोडगिरीच्या नाक्यावर गाडी अडकली. निजामाची हद्द तिथं संपायची आणि मालावर जकात घेत. जकात घेणारा अंमलदार आलाच नव्हता. गाड्यांची रांग लागली, ऊन चढलं. नाक्याजवळ विहीर होती. मी आणि नवऱ्यानं तिथं अंघोळ-पूजा करून घेतली. सासरे गाडीवरून उतरले नाहीत.

"मामंजी, तुम्ही पण उरकून घ्या," मी म्हणाले.

"सुम्निरू," ते म्हणाले. म्हणजे गप्प बस. राग आला की ते कानडीत बोलत. मी गप्प बसले, पण घागर भरून गाडीला बांधली. दुपारी नाका सुटला आणि थोडं पुढं गेल्यावर माळावर हे झालं.

नवरा रडकुंडीला आला. "जबरदस्तीनं पाजू का?"

"पाजलंत तर जगतील, पण तुमचं तोंड बघणार न्हाईत," मी म्हणाले. मला सासरे माहीत होते.

मी घागर उतरवली. एक तांब्या त्यांच्या डोक्यावर ओतला, एक अंगावर. "मामंजी, अंघोळ झाली तुमची." पूजेच्या पिशवीतली विभूती कपाळाला लावली. नवऱ्यानं त्यांना पाठीशी धरून बसवलं आणि लिंग तळहातावर ठेवून खालून स्वतःचा हात लावला. सासऱ्यांचे ओठ हलायला लागले. घरी पूजेला पळीभर पाणी पुरतं. मी तांब्यानं धार सोडली आणि खाली भाकरीची परात धरली. लिंगावरून पडलेलं पाणी म्हणजे तीर्थ, आणि तीर्थाला कुणी नाही म्हणत नाही. परात अर्धी भरली.

सासऱ्यांनी डोळे उघडले. "एवढं तीर्थ?"

"देवालाही ऊन लागलंय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तोंड उघडलं. घोट घोट करत परात रिकामी केली आणि आणखी मागितलं.

पुढच्या खेपेला कुणी कुणाला विचारलं नाही. उजाडलं तशी नवऱ्यानं एका मळ्यातल्या विहिरीपाशी गाडी सोडली आणि सासरे मुकाट्यानं अंघोळीला गेले. मग तेच ठरून गेलं. मी पोत्यांवर जाड वाकळ अंथरायला लागले, शिंका थांबल्या. सोबत धपाटी, दही, शेंगाची चटणी न्यायची. जेवण झालं की सासरे लिंबाखाली पडून कानडी पदं म्हणत. त्यांचा गळा इतका चांगला होता हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. दुसरे गाडीवालेही तिथं थांबायला लागले.

"काय अण्णा, पेठंला निघालाव का सुनंच्या माहेरी?" एकानं टोमणा मारला.

"पेठ कुठं पळून जातीय? बस, चटणी खा," सासरे म्हणाले.

उशिरा पोचूनही मिरची त्याच भावानं गेली. एवढी वर्षं तुम्ही उगीच उपाशी फिरलात, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. ते चिडले नाहीत.

"माझ्या बापाचे बैल भाड्याचे होते," ते म्हणाले. "मालक म्हणायचा, बैल लगीच परत पायजेत. बापाला थांबता येत नव्हतं. म्या त्येंच्याच गाडीवर शिकलो."

बैल आमचे होऊन किती काळ लोटला होता. पण ते कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मग मीही पुन्हा तो विषय काढला नाही.

सासरे त्या उन्हातून वाचले. निजाम गेलेला आणि नाका उठलेला त्यांनी बघितला, आणि नंतर म्हातारपणानं घरीच गेले. मग नवराही गेला. त्या गाडीवर आम्ही तिघं होतो, त्यातली आता मी तेवढी आहे.